ग्लेब वाऊलिन तेरा वर्षं बसला होता

ग्लेब वाऊलिनचे सामन्याचे मोजे मी तेरा वर्षं धुतले आणि शपथेवर सांगते, त्यांना एकदाही घामाचा वास आला नाही. बाकीच्या अकरा जणांचे मोजे भिजवले की बादलीतलं पाणी काळं व्हायचं. ग्लेबचे मी आपले रीत म्हणून धुवायची. तसेच घडी घालून ठेवले असते तरी कुणाच्या बापाला कळलं नसतं.

मी ग्लाफिरा तिखोनोव्ना, काम्नेगोर्स्कच्या क्रीडाभवनातली धोबीण म्हणा, कपडेवाली म्हणा. पोरं ग्लाशा मावशी म्हणतात. आमचा बास्केटबॉलचा संघ 'कोवाल', म्हणजे लोहार, दुसऱ्या श्रेणीत खेळतो आणि दर वर्षी तिसऱ्या श्रेणीत पडता पडता वाचतो. ग्लेब या संघाचा पगारी खेळाडू होता. उंची दोन मीटर सात. हात एवढे लांब की मी वाळत घातलेले टॉवेल तो स्टूल न घेता काढून द्यायचा. पण त्याचा धंदा विचाराल तर बाकावर बसणे, हाच.

आता कुणी म्हणेल, येत नसेल खेळता. तर तसं अजिबात नाही. सरावाला मी दारात उभी राहून बघायची. कोपऱ्यातून, मधून, पाठ वळवून, कुठूनही चेंडू फेकला तरी जाळ्यात. शाळेत असताना त्याच्या गावच्या कवायतीच्या मास्तरांना कुंपणावरून एक लोकरी टोपी चालत जाताना दिसली. मास्तर बघायला गेले, तर कुंपण पुरुषभर उंच आणि टोपीखाली पंधरा वर्षांचा ग्लेब. असा तो आमच्याकडे आला आणि एकोणिसाव्या वर्षी संघात घेतला गेला.

त्याचं नशीब फुटलं ते पहिल्याच मोसमात. दोन सामने खेळला, दोन्ही आम्ही हरलो. तिसऱ्या सामन्याआधी त्याचा घोटा मुरगळला म्हणून तो बाकाच्या अगदी कडेच्या जागेवर बसला आणि आम्ही पहिल्या क्रमांकाच्या संघाला वीस गुणांनी झोपवलं. पुढचे सहाही सामने जिंकलो. घोटा बरा झाला, ग्लेब मैदानात उतरला आणि आम्ही तीस गुणांनी हरलो. पुन्हा बसवला, पुन्हा जिंकलो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पण आमच्या प्रशिक्षकांना कोण सांगणार? त्यांनी कावळाच धरून ठेवला.

प्रशिक्षक एर्नेस्त प्लातोनोविच. विद्यापीठाची पदवी आहे, भिंतीवर टांगलेली आहे. पण कुणी इमारतीत शीळ घातली की अपशकुन म्हणून हा माणूस त्याला बाहेर काढायचा. बस सुटल्यावर काही विसरलं म्हणून परत यावं लागलं, तर आधी आरशात बघायचं, म्हणून त्यांनी बसच्या दारातच आरसा ठोकून घेतला होता. रिकामी बादली दिसली तर सामना गेला असं ते मानायचे. त्यांच्यापायी तीस वर्षं मी भरलेली बादली वाहिली. माझ्या कमरेचं जे काय झालंय ते त्यांच्या पदवीमुळे.

तेव्हा ग्लेब बसला तो बसलाच. तिसऱ्या वर्षी एकदा दोन मिनिटं सोडला होता, तर त्याच रात्री क्रीडाभवनाचं छप्पर गळायला लागलं. सातव्या वर्षी एकदा नुसता पाणी प्यायला उठला आणि आमच्या कर्णधाराचा दात पडला. मग तर बाटलीसुद्धा त्याला बसल्या जागी मिळायला लागली. शेजारच्या शहरातल्या संघाने त्याला मागितलं होतं. मला आनंद झाला, म्हटलं पोरगं सुटलं. पण नंतर कळलं, त्यांना तो तिकडे खेळायला नको होता, तो आमच्याकडे बसायला नको होता. एर्नेस्त प्लातोनोविचनी अर्थातच सोडलं नाही.

ग्लेब कधी भांडला नाही, हीच त्याची खोड. "मावशी, संघ जिंकतोय ना," म्हणायचा आणि फळी टोचते म्हणून बायकोने शिवलेली चौकड्याची उशी काखेत मारून बाकावर जाऊन बसायचा. मला त्याचा राग यायचा. इतक्या उंच माणसाला इतका मऊ स्वभाव देवाने द्यायला नको होता.

तेरावं वर्ष त्याचं शेवटचं ठरलं. गुडघे बोलायला लागले होते. न खेळता गुडघे कसे झिजले ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. एप्रिलमधला शनिवारचा सामना झाला की तो निवृत्त होणार होता. तोच सामना हरलो असतो तर आम्ही तिसऱ्या श्रेणीत पडणार होतो. म्हणजे एर्नेस्त प्लातोनोविच त्याला बाकाला खिळे मारून बसवणार, यात मला शंका नव्हती.

त्या आठवड्यात मंगळवारी मी इस्त्री करत होते, तर एक बाई दारात आल्या. डोक्याला रुमाल, हातात खोकं, खोक्याला सुतळी. चेहरा असा की कुणाच्या मयताला आल्यात.

"इथे वाऊलिन बसतात का?" त्यांनी हळूच विचारलं.

"बसतात," मी म्हटलं. "पण सामन्याच्या दिवशी. बाकी दिवस धावतात."

"धावू देतात त्यांना?"

"धावू देतात म्हणजे? न धावला तर ओरडा खातो."

बाईंनी खोकं माझ्या टेबलावर ठेवलं. "मी लिदिया अर्काद्येव्ना. तास्याची वर्गशिक्षिका. मुलांनी थोडं सामान जमवलंय. टोस्ट आहेत, चहा आहे, साबण, लोकरीचे मोजे. टोकदार काही घातलेलं नाही."

तास्या म्हणजे ग्लेबची मुलगी, आठ वर्षांची. त्या वर्षी तिची शाळा बदलली होती. मी म्हटलं, "बाई, आधी बसा. टोस्ट कशासाठी?"

मग सगळं बाहेर आलं. नव्या शाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं होतं, तुझे बाबा काय करतात? तास्या म्हणाली, "बाबा बसलेत." आता आमच्याकडे माणूस 'बसलाय' एवढंच म्हटलं की पुढे काही विचारायचं नसतं. तुरुंगाचं नाव कुणी घेत नाही, ऐकणारा समजून घेतो. बाईंनीही समजून घेतलं. किती वर्षं, असं विचारलं, तर पोरगी म्हणाली, "माझ्या जन्माच्या आधीपासून." कुणी बसवलं, तर "एर्नेस्त प्लातोनोविचनी." बाईंना वाटलं, न्यायाधीश असतील.

"आणि म्हणाली, रोज जेवायला घरी येतात," लिदिया अर्काद्येव्ना डोळे पुसत म्हणाल्या. "मला वाटलं, बिचारी मनाचं सांगतेय. मी तिला रोज कँटीनमधला जास्तीचा पाव देत होते."

"अहो, मग इथे कशा आलात?"

"पत्ता तिनेच सांगितला. कारखान्याच्या रस्त्यावर, मोठी लाल इमारत."

आमच्या गावात कारखान्याच्या रस्त्यावर दोन मोठ्या लाल इमारती आहेत. एक क्रीडाभवन आणि बरोबर समोर तुरुंग. बाई आधी समोर गेल्या होत्या. तिथल्या पहारेकऱ्याने खोकं उघडून बघितलं, वही चाळली आणि म्हणाला, "बाई, चुकीच्या दारात आलात. वाऊलिन समोर बसतो. आणि आमच्याकडची माणसं तरी कधी ना कधी सुटतात."

मी एवढी हसले की शॉर्ट्सवर इस्त्री तशीच राहिली आणि सात नंबर जळला. पण बाई हसत नव्हत्या.

"हसण्यासारखं नाही हो," त्या म्हणाल्या. "तिने अख्ख्या वर्गाला सांगितलंय की शनिवारी बाबा उठणार. सव्वीस मुलं येणार आहेत. आता मी त्यांना काय सांगू?"

तेवढ्यात सराव संपवून ग्लेब टॉवेल घ्यायला आला. दारातून वाकून आत शिरला आणि टोस्टचं खोकं बघून म्हणाला, "कुणाला धाडताय?" मी सांगितलं. आधी तो हसला. मग मोज्यांची जोडी बाहेर काढली. कुणीतरी पोराने मोज्यावर चिठ्ठी टाचली होती: 'काका, धीर सोडू नका.' ग्लेब इस्त्रीच्या टेबलावर बसला आणि बराच वेळ ती चिठ्ठी वाचत राहिला. चार शब्द वाचायला एवढा वेळ लागत नाही.

"मावशी," तो म्हणाला, "तिला वाटतंय मी शनिवारी उठेन."

"मग ऊठ की."

"त्यांनी उठवलं तर ना."

तेरा वर्षांत पहिल्यांदाच तो प्रशिक्षकांच्या खोलीकडे स्वतःहून गेला. मी टॉवेलांची चळत घेऊन मागोमाग गेले. टॉवेल हातात असले की कुणी विचारत नाही इथे काय करतेस.

"एर्नेस्त प्लातोनोविच, शनिवारी मला एक मिनिट खेळू द्या," ग्लेब म्हणाला. "मुलगी येणार आहे. वर्ग घेऊन."

"येऊ दे. तिकीट नको तिला."

"तिला मला उभा बघायचंय."

"घरी उभा राहत नाहीस का?"

"मैदानात."

प्रशिक्षकांनी चष्मा काढला. "ग्लेब, तू बसलास म्हणून हा संघ उभा आहे. तिला हे सांग. अभिमान वाटेल तिला."

"सांगितलं होतं. म्हणूनच टोस्ट आले."

टोस्टचं काय ते प्रशिक्षकांना कळलं नाही. त्यांनी लाकडाच्या टेबलावर तीनदा टकटक केली, डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "शनिवार जाऊ दे. मग आयुष्यभर उभा राहा."

मला इतका संताप आला की मी टॉवेल तिथेच जमिनीवर टाकून निघून आले. दगडाला पाझर फुटेल, पण पदवीवाल्याला फुटायचा नाही.

शनिवारी संध्याकाळी पाचला सामना सुरू झाला. मुलं तिसऱ्या रांगेत, आमच्या बाकाच्या बरोबर मागे. तास्या मध्ये, दोन वेण्या, त्यांना पांढरे मोठे बो. ग्लेब आपल्या कडेच्या जागेवर, उशीवर, पायाशी टोस्टचं खोकं. त्याने मागे वळून बघितलंच नाही.

त्या दिवशी दैव जरा आमच्या बाजूचं होतं, म्हणजे संघाच्या विरोधात होतं. आधीच्या सामन्याहून येताना वाटेतल्या स्टेशनवर चौघांनी मटणाचं सारण भरलेले पिरोश्के खाल्ले होते आणि ते चौघे घरी अंथरुणावर होते. आठच जण कपडे घालून आले. दुसऱ्या अर्ध्यात दोघांचे पाच-पाच फाउल होऊन ते बाहेर गेले. म्हणजे पाच मैदानात आणि सहावा ग्लेब. आमची पोरं जीव तोडून खेळत होती आणि मी मनात काय म्हणत होते ते सांगायला लाज वाटते. मी म्हणत होते, अजून एक जाऊ दे, देवा.

अकरा सेकंद उरले होते आणि सत्तर-सत्तर होते, तेव्हा आमच्या कर्णधाराने, त्याच दात पडलेल्याने, पाचवा फाउल केला. पाहुण्यांना दोन मोकळ्या फेकी मिळाल्या. एक जाळ्यात गेली. सत्तर-एकाहत्तर. एर्नेस्त प्लातोनोविचनी टाइमआउट घेतला.

कर्णधार बाहेर येऊन बसला. सगळ्यांनी ग्लेबकडे बघितलं. प्रशिक्षकांनी मात्र छताकडे बघितलं.

"चौघं खेळू," ते म्हणाले.

"चौघं?" कर्णधार म्हणाला.

"नियमात बसतं. ग्लेब उठला की जागा रिकामी. रिकामी जागा म्हणजे संपलं."

तेवढ्यात मागून आवाज आला, बारीक पण स्वच्छ. "बाबा, ऊठ ना आता."

ग्लेबने मान खाली घातली. त्याचे कान लाल झालेले मला लांबून दिसले. मग माझ्याच्याने राहवलं नाही. मी बादली ठेवली, भरलेलीच, आणि बाकापाशी गेले.

"सरक," मी ग्लेबला म्हटलं. "जागा मी धरते."

"ग्लाफिरा तिखोनोव्ना, हे काय चालवलंय?" प्रशिक्षक म्हणाले.

"जागा रिकामी नको ना तुम्हाला? मग नाही राहणार. ऊठ रे पोरा."

आणि मी त्या चौकड्याच्या उशीवर बसले. ग्लेब उठला. उलगडत गेला म्हणा. वरच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी वाजवायला तोंडात बोटं घातली, तर शेजाऱ्याने ती ओढून बाहेर काढली. एर्नेस्त प्लातोनोविच माझ्याकडे बघत होते, जागेकडे बघत होते, घड्याळाकडे बघत होते. हरलेल्या माणसासारखे खांदे पाडून ते म्हणाले, "बरं. पण असा जाऊ नकोस. लांबच्या वाटेला निघालायस. आधी बसून घे."

आमच्याकडे घरातून कुणी लांब निघालं की सगळे जण मिनिटभर गप्प बसतात, सामानावर, पलंगावर, मिळेल तिथे. मगच उठायचं. हे काही प्रशिक्षकांचं वेड नाही, सगळेच बसतात. ग्लेब परत माझ्या शेजारी टेकला. कर्णधार आणि बाहेर गेलेले दोघं बाकावर होतेच. मैदानातले चौघं कोर्टवर मांडी घालून बसले. एर्नेस्त प्लातोनोविचना जागा नव्हती, ते जमिनीवर बसले. ते बघून अकरा सेकंदांसाठी उभे असलेले लोक रांगारांगांनी बसायला लागले. गाणं लावणाऱ्याने गाणं बंद केलं. पाहुणे आधी बावचळले, पण तेही कुणा ना कुणा आईची लेकरं, तेही बसले. शेवटी दोन्ही पंच बसले, एक चेंडू मांडीवर घेऊन.

एवढं मोठं भवन आणि कुणी खोकलंसुद्धा नाही. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही. वडीलधाऱ्या माणसाने आधी उठायचं असतं. पण मला तर उठायचं नव्हतं. मग मी बसल्या बसल्याच म्हटलं, "चला, देव पाठीशी आहे." सगळे उठले.

पाहुण्यांनी ग्लेबच्या अंगावर माणूसच ठेवला नाही. तेरा वर्षं बसलेल्याला कशाला अडवायचं? तोही जाऊन उभा राहिला तो आमच्या बाकासमोरच्या कोपऱ्यात, माझ्यापासून चार हातांवर. तिथून जाळं कसं दिसतं हे त्याच्याइतकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं. चेंडू इकडे गेला, तिकडे गेला, कुणी तरी पडता पडता त्याच्याकडे फेकला. ग्लेबने तो घेतला आणि सरावाला टाकतो तसा टाकला.

चेंडू जाळ्याच्या रिंगवर आपटला, उडाला आणि कडेवर बसला. खोटं नाही सांगत, बसला. ग्लेबचाच चेंडू तो. मग तो कलला आणि आत पडला.

पुढचं मी नीट पाहिलं नाही, कारण कर्णधार माझ्या गळ्यात पडला होता. वर्गातली पोरं मैदानात धावली. एक जाडगेला मुलगा ग्लेबच्या गुडघ्याला मिठी मारून ओरडत होता, "काका सुटले!" तास्या मात्र धावली नाही. ती तिसऱ्या रांगेतच उभी राहिली आणि ग्लेब तिच्यापर्यंत चालत गेला. खालून तो तिच्याएवढाच उंच दिसत होता. लिदिया अर्काद्येव्नांनी तिचा बो नीट केला, तेवढं मला दिसलं.

आनंद ओसरल्यावर एर्नेस्त प्लातोनोविच माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी अजून उशीवरच होते. पाय भरून आले होते.

"म्हणजे तो नव्हताच," ते सावकाश म्हणाले. "ती जागा होती. कुणीतरी बसलं की झालं. तेरा वर्षं कुणीही बसलं असतं तरी चाललं असतं."

ग्लेब तास्याला खांद्यावर घेऊन मागेच उभा होता. त्याने ते ऐकलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस ओरडेल, निदान ती बादली तरी लाथाडेल. तेरा वर्षं, आणि गुडघे, आणि ते सगळे न घामेजलेले मोजे. त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. मग त्याने वाकून बाकापाशी ठेवलेलं टोस्टचं खोकं उघडलं, एक टोस्ट काढून प्रशिक्षकांच्या हातात दिला आणि म्हणाला, "खा, एर्नेस्त प्लातोनोविच. लांबच्या वाटेने आलेत, तुरुंगाच्या दारावरून."

आता तो तास्याच्याच शाळेत कवायतीचा मास्तर आहे. मी मात्र अडकले. हे माझं चौथं वर्ष. घरचा सामना असला की मी बाकाच्या कडेला बसते, प्रशिक्षक पाण्याची बाटली बसल्या जागी आणून देतात आणि बादली आता ते स्वतः भरतात. मागे माझ्या बहिणीला तिच्या गावात कुणीतरी सांगितलं की काम्नेगोर्स्कला ग्लाफिरा बसलीय. दहाव्या दिवशी मला टोस्ट आले, सोबत साबण.

ग्लेब दर सामन्याला येतो. बाराव्या रांगेत, तास्याबरोबर. आणि पहिल्या शिट्टीपासून शेवटच्यापर्यंत उभा असतो. दोन मीटर सात. मागचे लोक चिडतात. "ए लांबट्या, बस की खाली," असं कुणी ना कुणी दर वेळी ओरडतंच.

तो मागे वळून अगदी नम्रपणे सांगतो, "माफ करा, माझं बसून झालंय."